रक्ताच्या पिशवीतलं न मागितलेलं द्रव्य

रक्तदान शिबिरात खाटेशेजारी हळूहळू भरत जाणारी पिशवी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आज आम्हाला रक्ताबद्दल नाही, त्या पिशवीबद्दल बोलायचं आहे.

पूर्वी रक्त काचेच्या बाटलीत साठवत. बाटली फुटायची, धुऊन पुन्हा वापरताना जंतूंची धास्ती असायची. 1950 च्या सुमारास बॉस्टनचे शल्यविशारद कार्ल वॉल्टर आणि त्यांचे सहकारी विल्यम मर्फी यांनी पीव्हीसी प्लास्टिकची पिशवी आणली. सोय मोठीच झाली. पण पीव्हीसी मुळात कडक. घरातला पाण्याचा पाइप आठवा. ते मऊ करायला त्यात डीईएचपी नावाचं तेलकट द्रव्य घालतात, आणि तेही पिशवीच्या वजनाच्या 30 ते 40 टक्के! हे द्रव्य प्लास्टिकला बांधलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. पाण्यात ते फारसं उतरत नाही. रक्तात स्निग्धांश असतो, तिथे उतरतं. तेलकट भाजीचा रंग प्लास्टिकच्या डब्याला लागतो ना, तसंच. फक्त इथे देवाणघेवाण उलटी.

हे कळलं ते योगायोगानं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रुडॉल्फ जेगर आणि रॉबर्ट रुबिन उंदराच्या यकृतावर प्रयोग करत होते. रक्तात एक अनोळखी रसायन दिसू लागलं. शोध घेतला तर ते उपकरणाच्या प्लास्टिकमधून येत होतं! मग त्यांनी रक्तपेढीतल्या पिशव्या तपासल्या. 1970 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा असा: 4 अंश सेल्सियसला ठेवलेल्या दर 100 मिलिलिटर रक्तात रोज सुमारे पाव मिलिग्रॅम डीईएचपी. म्हणजे 21 दिवसांत पाच मिलिग्रॅमच्या वर. रक्त घेतलेल्या रुग्णांच्या ऊतींमध्येही ते सापडलं.

1982 मध्ये अमेरिकी सरकारच्या चाचण्यांत डीईएचपी खाऊ घातलेल्या उंदरांना यकृताच्या गाठी झाल्या. आता कुणी म्हणेल, मग बंद करा की! पण त्याच दशकात उलटंच दिसलं. हे द्रव्य तांबड्या पेशींच्या आवरणात शिरून त्यांना टिकवतं. ते नसलं तर साठवणीत जास्त पेशी फुटतात. मळ म्हणून पकडलेला पदार्थ नकळत औषधाचं काम करत होता.

आमच्या मते या क्षेत्रातला खरा बदल इथे झाला. 'काही उतरतं का' हा प्रश्न मागे पडला. काय, किती आणि कुणाच्या शरीरात, हे विचारणं भाग पडलं. एकदा रक्त घेणारा प्रौढ वेगळा, आणि नळ्या-पिशव्यांनी वेढलेलं, अपुऱ्या दिवसांचं बाळ वेगळं. 2002 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं नवजात मुलग्यांसाठी शक्य तिथे पर्याय वापरा, असा सल्ला दिला; प्राण्यांत नराच्या वृषणांवर परिणाम दिसला होता. मात्र उपचार थांबवू नका, असंही बजावलं.

आज आयएसओ 10993 या मानकाच्या 18 व्या भागानुसार उपकरण द्रावकांत ठेवून त्यातून काय काय बाहेर येतं ते मोजतात. विषशास्त्रज्ञ मग रुग्णाच्या वजनाशी हिशोब मांडतो. आपल्याकडे रक्तपिशवीचं तंत्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं विकसित केलं, आणि 2018 पासून वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम लागू आहेत.

युरोपनं वैद्यकीय उपकरणांतल्या डीईएचपीला 1 जुलै 2030 पर्यंत मुदत दिली आहे. पर्यायी द्रव्यं आहेत. पण त्यांनाही एक जुनीच परीक्षा द्यावी लागते: फ्रीजमध्ये 42 दिवस ठेवल्यावर किती पेशी फुटल्या?