टांग्याआधीची रात्र

नांदगाव स्टेशनच्या घड्याळावर विश्वास ठेवू नका. त्यात सव्वानऊ वाजलेत, पण गावात अजून नऊही वाजलेले नाहीत. साल 1890, पौष सरत आलाय, आणि जीआयपी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालते. मद्रासला सूर्य नांदगावच्या आधी बावीसेक मिनिटं डोक्यावर येतो, त्यामुळे फलाटावरचा प्रवासी गावकऱ्यापेक्षा तेवढाच पुढे असतो. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की ती मिनिटं तुम्हाला परत मिळतात.

तुम्ही एकवीस वर्षांचे आहात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे विद्यार्थी. संस्कृत रॉबर्ट ॲटकिन्सन यांच्याकडे शिकलात आणि हिंदुस्तानी मीर औलाद अलींकडे. अवधचे हे मीरसाहेब 1861 पासून डब्लिनमध्ये शिकवताहेत. ॲटकिन्सन यांचेच एक जुने विद्यार्थी, ग्रीअर्सन, सध्या बिहारमध्ये नोकरीवर असून तिथल्या बोली टिपून घेतात, हे तुमच्या कानावर आहे. तुम्हालाही तसंच काहीतरी करायचंय. काय ते अजून ठरलेलं नाही.

नांदगावला उतरलात ते वेरूळसाठी. 1861 साली नाशिककडून चाळीसगावपर्यंत रूळ पडले, तेव्हापासून लेणी पाहायला निघालेला साहेब इथेच गाडी सोडतो. पुढे कासारीचा घाट, निजामाची हद्द, शिऊरचा बंगला, देवगाव, असा चव्वेचाळीस मैलांचा टांग्याचा रस्ता. आणखी दहा वर्षांनी मनमाडहून औरंगाबादला छोटी गाडी सुरू होईल आणि नांदगावच्या टांगेवाल्यांचा हा धंदा बसेल. आज मात्र तो जोरात आहे, आणि टांगा पहाटेच सुटतो.

रात्र मोकळी आहे. मुक्कामाच्या बंगल्याचा चौकीदार कंदील ठेवून जायला निघतो, तेव्हा तुम्ही त्याला हिंदुस्तानीत विचारता: इथे रात्री लोक पितात, गातात, ते कुठे?

चौकीदार बराच वेळ गप्प. त्याच्या लेखी हे दोन निराळे प्रश्न आहेत. पिण्याचं ठिकाण गावाच्या एका टोकाला, गाण्याचं दुसऱ्या, आणि भला माणूस दोन्हीकडे साहेबाला पाठवत नाही.

इथे तुम्हाला थोडं बाजूला घ्यायला हवं. आजचा मराठी पर्यटक डब्लिनला गेला की संध्याकाळी पबमध्ये बसतो. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, बोधरान नावाचा डफ जमतो, आणि ही शेकडो वर्षांची परंपरा आहे असं समजून तो फोटो काढतो. पण 1890 च्या डब्लिनमधून आलेल्या तुम्हाला असा पब माहीतच नाही. तुमच्याकडे गाणं-नाचणं चालतं स्वयंपाकघरात, कोठारात, उन्हाळ्यात चौरस्त्यावर. पब हे पिण्याचं आणि कुरबुरीचं ठिकाण. ‘केली’ नावाचा सार्वजनिक नाच अजून सुरू व्हायचाय. पहिला होईल 1897 साली, तोही लंडनमध्ये. पबमधली मैफल रुजेल ती दुसऱ्या महायुद्धानंतर, लंडनला बांधकामांवर राबणाऱ्या आयरिश मजुरांमुळे, कारण त्यांच्या भाड्याच्या खोल्यांत फिडल वाजवायला जागा नव्हती. बोधरानला मानाचं स्थान मिळेल 1960 च्या आसपास. तेव्हा पिणं आणि गाणं एकाच छपराखाली शोधायची ही हौस 1890 सालच्या विद्यार्थ्याची नव्हे. ती तुमच्या आतल्या, एकविसाव्या शतकातल्या वाचकाची आहे. असू द्या. चौकीदार निघालाय, त्याच्या मागे चला.

आधी गुत्ता. त्यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. 1878 च्या अबकारी कायद्यानं घरोघरच्या भट्ट्या बंद पाडल्या. आता मोहाची दारू सरकारी देखरेखीखाली गाळली जाते आणि दुकानाचा परवाना ज्याला मिळाला तोच ती विकतो. ती दोन ताकदींची मिळते, एक कडक, एक फिकी. मालधक्क्यावरचे हमाल, दोन भिल्ल, एक गाडीवान येतात, उकिडवे बसतात, घोट घशाखाली उतरवतात, तोंड पुसतात आणि निघतात. कोणी गात नाही. कोनेमाराच्या डोंगरात चोरून गाळलेली पुचीन तुम्ही चाखलेली आहे, त्यामुळे वास ओळखीचा वाटतो, जळका आणि गोडसर. कलाल तुम्हाला मातीच्या पेल्यात देतो आणि पेला परत घेत नाही. खुणेनंच सांगतो: फेकून द्या. हा मान आहे असं तुम्हाला वाटतं. तुमच्या ओठांचा विटाळ आहे, हे चौकीदाराला ठाऊक असतं, पण तो ते बोलत नाही.

मग गाव ओलांडायचं. वाटेत घोंगडी पांघरलेली माणसं एकाच दिशेला चाललीत. एक जण कंदिलाकडे बघून विचारतो, “कथा जाई ऱ्हायनात, सायेब?” ॲटकिन्सनांचं संस्कृत आणि मीरसाहेबांची हिंदुस्तानी, दोन्ही इथे तोकडी पडतात. ही अहिराणी. पुढे 1907 मध्ये ग्रीअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात तिला ‘खानदेशी’ म्हणून भिल्लांच्या बोलींशेजारी बसवतील. आज ती नुसतीच धुक्यातून येते आणि पुढे जाते.

लेंडी नदीच्या कोरड्या पात्रापलीकडे उजेड दिसतो. तेलाच्या मशाली. चंदनपुरीची खंडोबाची जत्रा आटोपून निघालेला एक तमाशाचा फड इथे एका रात्रीसाठी थांबलाय. पाटलानं सुपारी दिली म्हणे. जमिनीवर बसलेली शे-दोनशे माणसं, मध्ये मोकळी जागा. तंबू नाही, पडदा नाही, तिकीट नाही. तुमच्यासाठी एक खाट येते. खाटेवर बसलात तर गावाच्या डोक्यावर बसाल. तुम्ही खाली बसता, आणि त्याची कुजबुज मैदानभर फिरते. शेजारी मालेगावचा एक मोमीन विणकर आहे. सत्तावनच्या धामधुमीनंतर त्याचा बाप उत्तरेकडून माग घेऊन आला. त्याची हिंदुस्तानी तुम्हाला कळते. आजच्या रात्रीचा तुमचा दुभाषा तोच.

ढोलकी सुरू होते आणि तुमच्या पोटात काहीतरी हलतं. दोन्ही तोंडांना दोन स्वभाव. एक बाजू घुमते, दुसरी कडकडून बोलते, आणि वाजवणारा त्या दोघींचं भांडण लावून देतो. त्याच्या जोडीला कडं, झांज आणि एका तारेचं तुणतुणं. मागे दोन झीलकरी कानावर हात ठेवून उभे. मुख्य गाणारा ओळ सोडतो तिथे ते ती पकडतात आणि ‘जी जी’ करत इतक्या वर नेतात, की आता आवाज फाटणार असं वाटावं. फाटत नाही. डब्लिनला बसून तुम्ही ज्या संगीताबद्दल वाचलंत त्यात हे नव्हतं. त्यात वीणा होती.

आधी गणपतीला गण. मग गवळण: कृष्ण, पेंद्या, आणि मिशा काढून लुगडं नेसलेली मावशी. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवायची आणि दुधा-लोण्याचा कर मागायचा, एवढंच कथानक. पण मावशी मधेच थांबते, कमरेवर हात ठेवते आणि थेट तुमच्याकडे बघते.

“काय रे कान्हा, तू जन्मभर लोणी चोरलंस आन काळाच राहिलास. मग आमचं सगळं दूध पिऊन हा एवढा पांढरा झाला, तो कोण?”

मैदान फुटतं. मोमीन हसत हसत तुम्हाला उलगडून सांगतो. कडेला उभा असलेला पोलीस शिपाई आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो, तुम्ही हसलात हे पाहून मग हसतो.

तुम्हाला वाटतं, उठून सांगावं की बाई, आमचंही दूध त्यांनीच प्यालं. आमच्या मेयो परगण्यात दहा वर्षांपूर्वी कुळांनी बॉयकॉट नावाच्या एका कारभाऱ्याला वाळीत टाकलं. त्याच्या शेतावर मजूर नाही, त्याच्या घरी टपाल नाही. त्याचं आडनाव आता जगभर क्रियापद झालंय. पण हे कुठल्या भाषेत सांगणार? आणि सांगितलं तरी तुमची कातडी काय सांगते? या मैदानात तुम्ही ‘साहेब’ आहात. घरी तुमचा बाप साहेबांविरुद्ध सभा घेत असेल. इथे लेंडीकाठी त्यानं काही फरक पडत नाही. तुम्ही मुकाट्यानं खिशातून एक रुपया काढता.

दौलतजादा कशी करायची हे मोमीन शिकवतो. नाणं फेकायचं नाही, वर धरायचं. सोंगाड्या येऊन ते घेतो, नाव विचारतो, ढोलकी थांबते, आणि देणाऱ्याचं नाव, गाव साऱ्या मैदानाला ऐकवलं जातं. तुमचं नाव त्याच्या जिभेवर बसत नाही. दोनदा अडखळल्यावर तो तुमचं बारसंच करून टाकतो: “डबलीनचे पाटील, डबलीनकर पाटील यांच्याकडून एक रुपाया!” मग नांदगावच्या पाटलाला दोन रुपये काढणं भाग पडतं. त्याच्यावर एका व्यापाऱ्याचे अडीच. गाणं दर थोड्या वेळानं असं तुटतं आणि आधी तुम्हाला त्याचा राग येतो. नंतर लक्षात येतं की ढोलकीवाला प्रत्येक वेळी जिथे तुटलं त्याच मात्रेवर परत उतरतो, आणि लोक त्याची वाट बघत असतात. माझं मत विचाराल तर आजच्या दीड तासाच्या, ध्वनिवर्धकातल्या, न थांबणाऱ्या ‘लावणी महोत्सवां’त सगळ्यात जास्त काय हरवलं असेल, तर हे थांबणं.

लावणीला नर्तकी येते. नऊवारी, नाकात नथ, पायात चाळ. अदा अशी की खाटेवरचा पाटील सरसावून बसतो. तुम्ही मोमीनला विचारता, ही कोण, कुठली? तो तोंडावर उपरणं धरून हसतो. तो मुलगा आहे. नाच्या पोऱ्या.

तुमच्या आतला एकविसाव्या शतकातला वाचक इथे चमकतो. तमाशा म्हणजे लावणी, आणि लावणी म्हणजे नाचणारी बाई, हे त्यानं लहानपणापासून सिनेमात पाहिलेलं. पण फडाच्या बोर्डावर बाई यायला अजून वेळ आहे. कोल्हाटणी नाचतात, पण त्यांचा कारभार निराळा. जिच्यामुळे हे बदललं असं मानतात त्या पवळाबाईसाठी जात-गोत सोडणारा शाहीर पठ्ठे बापूराव आज तेवीस वर्षांचा श्रीधर कुलकर्णी आहे, साताऱ्याकडच्या रेठरे हरणाक्षला. तमाशासम्राज्ञी विठाबाई जन्माला यायला पंचेचाळीस वर्षं आहेत. मध्यरात्रीनंतर सुरू होणारा वगसुद्धा नवाच प्रकार आहे. उमाजी सावळजकराचा ‘मोहना-बटाव’ पहिला वग धरला, तर तो 1865 चा. इथल्या म्हाताऱ्यांनी आपल्या तरुणपणी वगाशिवायचे तमाशे पाहिलेत आणि ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ अशी त्यांची तक्रार चाललीये. तुम्ही मूळचं, अस्सल काहीतरी बघायला एवढे मागे आलात, आणि इथे अर्धं कालच आलंय, अर्धं यायचंय.

वग चालतो तो पहाटेपर्यंत. राजा, प्रधान, परदेशी गेलेला नवरा, वेश बदललेली बायको. संवाद कुठे लिहिलेले नाहीत; राजा आज चंदनपुरीत न बोललेलं काहीतरी बोलतो आणि प्रधानाला ते सावरावं लागतं. मोमीन मधेच झोपतो. दुभाष्याविना तुम्हाला फारसं अडत नाही.

झुंजुमुंजू होताना फड आवरतो. तासाभरापूर्वीचा राजा रिकामी घागर घेऊन विहिरीवर उभा आहे, काठापासून पाच-सहा हात लांब. फडातली बहुतेक माणसं महार आणि मांग. रात्री ज्यांच्यावर रुपये ओवाळले, त्यांनी सकाळी पोहरा सोडायचा नाही. कोणी येईल, वरून ओतेल, तोवर थांबायचं. पाणी भरायला आलेला माणूस कालच्या वगातली राजाची फेक त्यालाच म्हणून दाखवतो, मनापासून दाद देतो, आणि हात उंच धरून, धार लांबून सोडत घागर भरतो. तुम्ही वहीत लिहायला घेता आणि लिहीत नाही. कलालाच्या पेल्याचा अर्थ तुम्हाला आता लागतो.

गावातून परतताना प्रत्येक दुसऱ्या घरातून घरघर ऐकू येते, आणि तिच्यावर बायकांचे आवाज. रात्रभर मैदानात ज्या दिसल्या नाहीत त्या इथे आहेत, जात्यावर. हे गाणं ऐकणाऱ्यासाठी नसतं, त्याला सुपारी नाही, दौलतजादा नाही. तुम्ही थांबलात तर आतला आवाजही थांबतो, म्हणून चालत राहावं लागतं, आणि प्रत्येक घरासमोर तेवढीच ओळ पदरात पडते. हे टिपून ठेवण्यासारखं आहे असं तुम्हाला वाटत नाही; तुमच्या काळातल्या जवळजवळ कोणालाच वाटत नाही. पुढल्या शतकाच्या उत्तरार्धात गी प्वातव्हँ नावाचे, फ्रान्सहून पुण्यात येऊन राहिलेले गृहस्थ हेमा राईरकरांबरोबर महाराष्ट्रातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करतील. एक लाखावर भरतील.

बंगल्यापुढे टांगा जुंपून तयार. टांगेवाल्यानं काल संध्याकाळी सांगितलेलं भाडं आता वाढलंय. इंग्रजी रुपयेच हवेत, निजामाचा हाली सिक्का चालणार नाही, हेही तो बजावतो. तुम्ही हुज्जत घालता: एका रात्रीत घोड्याचे पाय वाढले का?

“घोडा तोच हाये,” तो लगाम सोडवत म्हणतो. “पन काल सायेब एकलेच व्हते. आता डबलीनचे पाटील झाले. पाटलाकडून कमी घेतलं तर गाव हसंल मला.”

तुम्ही पैसे मोजता.