फडक्यांचा 'फा'

डोंबिवलीच्या फडके रोडवरचं आडनाव टोकियोत दोन तऱ्हांनी लिहिता येतं. मराठी उच्चार ऐकून लिहिलं तर 'पादोके', कारण जपानीत आपला फ नाही आणि ड-द असा भेदही नाही. पासपोर्टवरचं स्पेलिंग वाचून लिहिलं तर 'फादोके'. म्हात्र्यांचंही तसंच. कानाने 'मातोरे', स्पेलिंगने 'मुहातोरे'.

परक्या नावांसाठी जपानी माणूस काताकाना लिपी वापरतो. तिच्यात 'न्' सोडला तर व्यंजनाचा पाय मोडायची सोय नाही, प्रत्येक अक्षर स्वर घेऊनच येतं. म्हणून कुलकर्णींची होतात पाच अक्षरं: कु-रु-का-रु-नि. टेकू बहुधा 'उ'चा. त-दच्या ओळीत मात्र 'उ'च्या घरात 'त्सु' बसलेला, म्हणून तिथे 'ओ' लावतात. फडक्यांच्या 'दो'चं कारण हेच. र, ल, ळ तिघांना मिळून एकच अक्षर. गोरे आणि गोळे कागदावर एकच होतात, लेल्यांचे 'रेरे' होतात.

हे वाचून वाटेल, किती परकी ही लिपी! पण तिची कुळकथा आपल्या दारातून जाते.

इसवी सन 736 मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानला पोचला. नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी 752 मध्ये त्याच्याच हातून झाला. त्याचं नाव तिथे चिनी चित्राक्षरांत, अर्थ बाजूला ठेवून केवळ ध्वनीसाठी बसवलं गेलं: बोदाइसेन्ना. काताकाना तेव्हा जन्मायची होती. नवव्या शतकात भिक्षूंनी चिनी पोथ्यांच्या ओळींशेजारी उच्चार टिपताना चित्राक्षरांचे तुकडे उचलले, त्यांतून ती घडली.

त्या भिक्षूंच्या मठांत संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् ही भारतीय लिपीही शिकत. कूकाई हा जपानी भिक्षू 806 मध्ये चीनहून परतला आणि ती विद्या जपानात रुजली. जपानी अक्षरांचा आजचा तक्ता त्या अभ्यासाच्या वळणावर बसला आहे. अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. 'सा' मध्येच कुठून आला? जुन्या उच्चारात तो च-त्सच्या जवळचा होता, 'हा' तर प होता. आता पुन्हा म्हणून बघा: क, च, त, न, प, म, य, र, व. आपल्या शाळेतलीच वर्णमाला! मला हा तक्ता पहिल्यांदा उलगडला तेव्हा फार आनंद झाला होता.

नसलेल्या ध्वनींसाठी जपान्यांनी नंतरही खटपट केली. 'व्ह'साठी 'उ'ला दोन टिंबं द्यायची युक्ती विचारवंत फुकुझावा युकिचींनी 1860 मध्ये वापरली. जून 1991 मध्ये मंत्रिमंडळाने परके शब्द लिहिण्याची अधिसूचना काढली आणि लहान अक्षर जोडून लिहायच्या 'ति', 'दि', 'फा' यांना तिच्या तक्त्यात रीतसर जागा मिळाली. पाटलांना 'पाचिरु' व्हायची गरज नाही, 'पातिरु' लिहिता येतं.

म्हणून ठाणे-कल्याणहून तिकडे निघालेल्या मुलामुलींना माझं आग्रहाचं सांगणं: नाव आपल्या तोंडून म्हणून दाखवा, स्पेलिंग पुढे सरकवू नका. बँकेच्या खात्यावर जे काताकाना रूप चढतं, ते पुढे पगारापासून घरभाड्यापर्यंत सगळीकडे तसंच द्यावं लागतं.

जपानचं नागरिकत्व घेतलेले योगेंद्र पुराणिक एप्रिल 2019 मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. पुराणिकांचं काताकानात 'पुरानिकु' होतं. तिथे मतदार मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो. त्यांनी प्रचारात नाव ठेवलं 'योगी', तेही जपानी शब्दांसाठीच्या हिरागाना लिपीत, अवघ्या दोन अक्षरांचं.