दर्यावर कागद लागू लागले

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या बधवार पार्कजवळ, मच्छीमार नगराच्या किनाऱ्याला एक रबरी होडी लागली. जड बॅगा घेतलेले तरुण खाली उतरले. पोलीस, नौदल, तटरक्षक दल या सगळ्यांच्या आधी त्यांना हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. परकी होडी आणि परके चेहरे कोळीवाड्याच्या नजरेतून सुटत नाहीत. उत्तर उडवाउडवीचं मिळालं आणि ती पोरं रस्त्याकडे निघून गेली. पुढच्या जवळपास ६० तासांत १६६ माणसं मारली गेली.

हे दहा जण मुंबईपर्यंत आले तेही एका मच्छीमार बोटीतूनच. पोरबंदरच्या ‘कुबेर’वरच्या चार खलाशांना आधीच मारण्यात आलं होतं. बोट मुंबईला आणायची म्हणून तांडेलाला तेवढं जिवंत ठेवलं आणि काम होताच त्याचाही गळा चिरला. २६/११ चे पहिले बळी ताजमधले नव्हते, सीएसटीवरचेही नव्हते. ते मासेमार होते, आणि दरवर्षीच्या श्रद्धांजलीत त्यांची आठवण क्वचितच निघते.

समुद्रमार्गे घात होण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडीला आरडीएक्स उतरलं, १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. त्यानंतर महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ नावाची गस्त सुरू झाली. पण गस्त म्हणजे सरकारी माणसांचं काम. कोळ्याच्या दिनक्रमाला तिची झळ फारशी लागली नाही. २००८ नंतर मात्र लागली.

तोवर समुद्रावर माणूस ओळखला जायचा तो गावावरून, नाखव्याच्या नावावरून, फार तर बोटीच्या रंगावरून. आता बोटीवर ठळक नोंदणी क्रमांक आला, खलाशाच्या खिशात बायोमेट्रिक ओळखपत्र आलं. खाऱ्या पाण्यात भिजू नये म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचं. वर्षानुवर्षं दोर ओढून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांच्याकडेच बोटांचे ठसे मागायचे, यातली विसंगती कोणाला जाणवली असेल का, कोण जाणे! रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बोटींवर नेपाळी खलाशी बरेच असतात. पूर्वी ओळखीच्या माणसाने शब्द टाकला की गडी बोटीवर चढायचा. आता नाखव्याला आधी त्याची कागदपत्रं जमवावी लागतात.

फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. कोळ्यांना ‘डोळे आणि कान’ म्हटलं जाऊ लागलं. संशयास्पद काही दिसलं तर तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करायचा, सागर सुरक्षा दलात नाव द्यायचं. हे काम स्वयंसेवेचं, म्हणजे जागरण कोळ्याचं आणि डिझेलही त्याचंच. मधूनच ‘सागर कवच’ नावाचा सराव होतो. त्यात खोटे अतिरेकी बनलेले जवान बऱ्याचदा मासेमारी बोटींतूनच किनाऱ्याकडे येतात. त्या दिवशी प्रत्येक बोटीवर संशय असतो. मासळी घेऊन परतणाऱ्या बोटीलाही थांबवून झडती होते आणि बर्फ वितळत राहतो. एकाच माणसाने पहारेकरी व्हायचं आणि संशयितही, हा सौदा कोळ्यांनी फारशी कुरकुर न करता पत्करला, याचं श्रेय त्यांना कोणी देत नाही.

कुरकुर झाली ती वेगळ्याच गोष्टीवर. २० मीटरपेक्षा लांब बोटींना एआयएस यंत्र सक्तीचं झालं. बोट कुठे आहे हे त्यावरून यंत्रणेला कळतं, तसंच तो संदेश पकडणाऱ्या कोणालाही कळतं. घोळ किंवा पापलेटचा थवा कुठे लागला, हे तांडेल सख्ख्या भावालाही सांगत नाही. ते त्याचं भांडवल. मग मोक्याच्या जागी पोचल्यावर यंत्र बंद पडू लागलं. विचारलं तर बॅटरी संपलेली असते.