सून पाहुणी म्हणून आली तेव्हा : उल्हासनगर आणि नागरिकत्वाच्या वाटा

मागच्या व्याख्यानात आपण कल्याण कॅम्पातल्या बराकींपर्यंत आलो होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावण्या, कराचीहून बोटीने आलेली सिंधी कुटुंबं, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते बसलेली कोनशिला आणि उल्हास नदीवरून पडलेलं शहराचं नाव, एवढं झालं होतं. शेवटी प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "सगळं खरं, पण फाळणीनंतर लग्न करून इकडे आलेल्यांचं काय?" त्या वेळी मी उत्तर टाळलं, कारण ते दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. आज तेवढंच बोलणार आहे.

प्रश्न नीट मांडू. एक मुलगी सिंधमधून पाहुणी म्हणून येते. मावशीकडे, आत्याकडे, उल्हासनगरला किंवा पुढे अंबरनाथ-बदलापूरला. व्हिसा पाहुणीचा, परतीची तारीख ठरलेली. इथे स्थळ येतं, लग्न होतं. आता ती कोण? घरच्यांसाठी सून. सरकारसाठी मात्र ती अजून पाहुणीच, आणि तिच्या व्हिसाची मुदत रोज कमी होतेय. परत जाऊन नव्याने यायचं, की इथेच राहून अर्ज करायचा? आणि अर्ज करायचा तर कोणत्या नात्याने?

हा पेच कॅम्पाएवढाच जुना आहे. राज्यघटनेचा सहावा अनुच्छेद काढून बघा. तिथे १९ जुलै १९४८ ही तारीख आहे. त्याआधी पाकिस्तानातून आलेला आणि तेव्हापासून इथेच राहिलेला माणूस वेगळी नोंदणी न करता नागरिक. त्यानंतर आलेल्याला सहा महिने राहून नोंदणी करणं भाग. ही तारीख आली कुठून? त्या सुमारास पश्चिम पाकिस्तानातून यायला परमिट लागू झालं. परमिटांत मुख्य भेद होता तो तात्पुरत्या भेटीचं आणि कायम वस्तीचं, हा. 'पाहुणा' आणि 'राहणारा' असा फरक कागदावर पहिल्यांदा पडला तो इथे. पासपोर्ट आले ते नंतर, ऑक्टोबर १९५२ मध्ये.

या भेदाने काय होऊ शकतं, ते १९५५ च्या एका निकालात दिसतं. खटला बिहारचा, स्टेट ऑफ बिहार विरुद्ध कुमार अमर सिंग, पण निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, म्हणजे आपल्यालाही लागू. गयेच्या एका महाराजकुमारांची पत्नी म्हणवणारी बाई जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. डिसेंबरात परत आली ती तात्पुरत्या परमिटवर. पुन्हा गेली, मग कायम वस्तीचं परमिट मिळवून आली, आणि ते परमिट पुढे रद्द झालं. तिचा युक्तिवाद साधा होता : नवरा भारतीय, तो भारतात, मग पत्नीचं ठिकाण वेगळं कसं? न्यायालयाने सांगितलं की तो मुद्दा धरला तरी उपयोग नाही. सातवा अनुच्छेद पाचव्याच्या वर आहे, आणि पाकिस्तानात स्थलांतर केलेल्याला कायम वस्तीच्या परमिटाखेरीज परतीची वाट नाही. लग्न कितीही जुनं असलं तरी न्यायालय पाहत होतं ते ती कोणत्या कागदावर आत आली, हेच. माझ्या मते आजच्या विषयाचं मूळ तिथेच आहे.

गंमत म्हणजे, त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्व कायदा झाला आणि त्यात पत्नीसाठी दार चांगलंच उघडं होतं. कलम ५(१)(क) मध्ये शब्द होते : भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या किंवा झाला होता अशा 'स्त्रिया'. किती वर्षं राहायला हवं, अशी अटच नव्हती. नोंदणी करणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं, शपथ घ्यावी लागे, पण वर्षं मोजायची नव्हती. मात्र 'स्त्रिया' म्हणजे स्त्रियाच. इथल्या मुलीने परदेशी मुलाशी लग्न केलं तर जावयाला या कलमाखाली काही नाही. बायको नवऱ्याच्या मागे जाते हा जुना इंग्रजी कायद्याचा विचार, तो आपण तसाच उचलला.

१९८६ ची दुरुस्ती आली आणि 'स्त्रिया'च्या जागी 'व्यक्ती' शब्द आला. जावयालाही दार उघडलं. पण त्याच दुरुस्तीने पाच वर्षं राहण्याची अटही घातली. मग २००३ ची दुरुस्ती, जी ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली, तिने पाचाची सात केली. म्हणजे अर्जाआधीचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. आजीला जे लगेच मागता येत होतं, त्यासाठी नातीला सात वर्षं थांबावं लागतं.

मग कुणी म्हणेल, लग्नाची वाट सोडा, ही मंडळी मूळची आपलीच ना? भारतीय वंशाच्या माणसासाठी ५(१)(अ) आहेच की. आहे. १९५५ मध्ये तिथे फक्त सहा महिन्यांचा वास पुरत होता, आता तिथेही सात वर्षं आहेत. पण खरी मेख व्याख्येत आहे. भारतीय वंशाचा कोण? जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडलांपैकी कुणी, अविभाजित भारतात किंवा नंतर भारताचा भाग झालेल्या प्रदेशात जन्मला तो. आता हिशोब करा. समजा घोटकीची एक मुलगी (ही मी कल्पनेतली घेतोय) १९८८ ला जन्मली. तिचे आईवडील साठच्या दशकातले. म्हणजे दोघांचाही जन्म पाकिस्तानातला. तिची आजी अखंड भारतात जन्मलेली, पण कायदा आजीपर्यंत जात नाही. फाळणीनंतरच्या तिसऱ्या पिढीला हे दार बंद आहे.

उरलं काय? एक, विवाहाने नोंदणी, सात वर्षं. दुसरं, कलम ६ चं देशीयकरण, म्हणजे बारा वर्षं. त्यात आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी यायला हवी. सिंधी त्या अनुसूचीत १९६७ पासून आहे, तेव्हा आपल्या मुलीला हिंदी-मराठीच्या परीक्षेची धास्ती नाही! पण बारा वर्षं ती बारा वर्षंच. ओसीआय कार्डाचा विचारही करू नका. अमेरिकन किंवा ब्रिटिश सुनेला लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं संसार झाला की ते मागता येतं. जिचे आईवडील, आजीआजोबा, पणजीपणजोबांपैकी कुणी पाकिस्तानचे नागरिक होते, तिला नाही.

आपली मुलगी २०१० मध्ये थार एक्सप्रेसने आली असं धरू. ही गाडी फेब्रुवारी २००६ मध्ये सुरू झाली. मुनाबाव-खोखरापारचा मार्ग १९६५ च्या युद्धापासून बंद होता, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी तो उघडला. वरच्या सिंधमधून जोधपूर आणि तिथून इकडे यायला तो किती सोयीचा होता, हे कॅम्पातल्या लोकांना विचारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली. तर मुलगी आली, पोलिसांकडे नोंद झाली, लग्न ठरलं. दोघंही हिंदू, म्हणून हिंदू विवाह कायद्याने फेरे आणि मग नोंदणी. विशेष विवाह कायद्याने गेले असते तर एकाचा तीस दिवसांचा वास, नोटिशीनंतर आणखी तीस दिवस. पाहुणीच्या व्हिसात ते बसवताना कॅलेंडर हातात धरावं लागतं.

तुम्ही म्हणाल, लग्न तिकडेच करून पत्नी म्हणूनच का येऊ नये? एक कारण अगदी कोरडं आहे. सिंध प्रांताचा हिंदू विवाह कायदा २०१६ चा आणि पाकिस्तानचा केंद्रीय कायदा २०१७ चा. त्याआधी तिथल्या हिंदू जोडप्याला लग्नाच्या नोंदणीचा धड कायदाच नव्हता. फेरे तिकडेही होत, पण ज्या दाखल्यावर पुढची प्रत्येक फाइल हलते, तो दाखला इकडे मिळायचा.

आता खरी निवड. इथे राहायचं तर दीर्घ मुदतीचा व्हिसा, एलटीव्ही. तो आपल्या मुलीला दोन नात्यांनी मागता येतो : भारतीयाशी लग्न झालेली पाकिस्तानी स्त्री म्हणून, किंवा पाकिस्तानातल्या अल्पसंख्य समाजाची म्हणून. घरचे साहजिकच पहिलं सुचवतात. मी इथे थोडा थांबेन. पत्नी म्हणून मागितलेला एलटीव्ही नवऱ्याच्या कागदांवर उभा असतो. संसार मोडला, सासरी बिनसलं, की नूतनीकरणाच्या वेळी तीच उघडी पडते. दुसरा आधार तिचा स्वतःचा. नागरिकत्व पुढे लग्नाच्या कलमाखाली मागता येतंच, मात्र 'विवाह झाला होता' हे शब्द २००३ च्या दुरुस्तीनंतर तिथे राहिलेले नाहीत. मुलगी मुस्लिम असेल, तर मात्र तिच्यापुढे लग्नाचा एकच आधार उरतो. आणि सिंधहून आलेल्या हिंदू जावयाला उलट, एलटीव्ही धर्माच्या आधारावर मिळतो, लग्नाच्या नाही.

यातलं काहीच न करता बसणं सर्वांत महाग. २००३ च्या दुरुस्तीने 'बेकायदा स्थलांतरित' हा शब्द आणला. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलेलाही त्यात येतो, आणि अशा माणसाला कलम ५ खाली नोंदणीच नाही. सात काय, वीस वर्षं संसार केला तरी नाही. त्याहून वाईट म्हणजे, ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेलं मूल नागरिक ठरतं ते दोन्ही पालक नागरिक असतील तर, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल तर. आईने एक अर्ज वेळेत दिला नाही, तर अंबरनाथच्या दवाखान्यात, भारतीय बापाच्या पोटी जन्मलेलं बाळ परकं ठरू शकतं. नागरिकत्वाच्या चर्चेत हे वाक्य मी क्वचितच ऐकतो.

नंतरचं भराभर सांगतो. २०१६ मध्ये अल्पसंख्य एलटीव्हीधारकांना बँक खातं, पॅन, आधार, राहण्यापुरतं घर यांची मुभा मिळाली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना सहा धर्मांच्या अर्जदारांना नागरिकत्व देण्याचा अधिकार मिळाला. महाराष्ट्रातले जिल्हे नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे. बदलापूरकरांसाठी याचा अर्थ असा की फाइल दिल्लीला जायची ती लोकलच्या अंतरावर आली. २०१९ च्या दुरुस्तीने देशीयकरणाची मुदत या सहा समाजांसाठी पाचवर आणली, पण ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच, आणि नियम निघाले ते थेट ११ मार्च २०२४ ला. आपली २०१० ची मुलगी त्यात बसते. तिची २०१५ मध्ये आलेली धाकटी बहीण बसत नाही. तिला पुन्हा लग्न आणि सात वर्षं.

आणि शेवटी एप्रिल २०२५. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे २७ एप्रिलपासून रद्द झाले. वैद्यकीय व्हिशांना आणखी दोन दिवस. एलटीव्ही मात्र कायम राहिले. त्या आठवड्यात एकाच घरात दोन सुना असतील, एकीच्या हातात एलटीव्ही आणि दुसरीचा अर्ज अजून टेबलावर, तर एकीने स्वयंपाक केला असेल आणि दुसरीने बॅग भरली असेल.

मागच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या बाई आज आल्या आहेत का? हं, आहात. माइक त्यांच्याकडे द्या.