विजेच्या गाडीची दंतचक्रे

मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. तिच्या चालकाला मोटारीतल्यासारखे गिअर बदलावे लागत नसत. अशा ट्रामगाड्यांत सामान्यतः सुटताना दोन मोटरी एकसर जोडल्या जात, म्हणजे विजेचा दाब दोघींत वाटला जाई. गाडीने गती घेतली की त्या समांतर होत व प्रत्येकीला पूर्ण दाब मिळे. दातेरी चाकांचे प्रमाण मात्र प्रारंभापासून अखेरपर्यंत एकच राही.

पेट्रोलच्या एन्जिनाला गाडी ओढण्यापूर्वी स्वतः फिरत राहावे लागते. म्हणूनच त्याला गिअरपेटीची कुबडी हवी. विजेची मोटर उभ्या जागीच भरपूर जोर देते. बेल्जियमच्या कामिय झेनात्झीने १८९९ साली पॅरिसजवळ ताशी १०५.८८ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा त्याच्या मोटरी मागच्या चाकांना थेट जोडलेल्या होत्या. गाडीचे नाव मोठे मार्मिक होते: ‘कधीच संतुष्ट नसलेली’!

असे असता या गाड्यांना गिअर हवेत कशाला? कारण मोटरीच्या जोरालाही मर्यादा आहे. वेग वाढतो तसा तिच्यातच उलट दाब उत्पन्न होतो आणि एका वेगापलीकडे जोर ओसरू लागतो. चढाला आणि झटपट सुटण्याला चक्रांचे प्रमाण मोठे हवे, भरधाव जाण्याला लहान. दोन्ही एकाच प्रमाणात साधणे म्हणजे बापलेकांसाठी एकच अंगरखा शिवणे होय.

कॅलिफोर्नियातील टेस्ला कंपनीने २००६ मध्ये ‘रोडस्टर’ गाडी लोकांपुढे ठेवली, तेव्हा तिला दोन वेगांची पेटी द्यायचे ठरले होते. पण मोटरीचा जो तत्काळ जोर गाडीचे भूषण, तोच पेटीचा काळ ठरला, ती टिकेना. पुरवठादार बदलूनही भागले नाही. अखेर २००८ मध्ये पहिल्या गाड्या पेटी दुसऱ्याच गिअरमध्ये अडकवून ग्राहकांना दिल्या गेल्या. ताशी ६० मैलांचा वेग गाठण्यास सुमारे चार सेकंदांचे अभिवचन होते. लागू लागले ५.७. मग तंत्रज्ञांनी पेटीचा हट्टच सोडला. मोटरीला अधिक प्रवाह पुरवणारी विद्युत्‌रचना केली, एकाच प्रमाणाची साधी पेटी बसवली, आणि वेळ ३.९ सेकंदांवर आली. जे काम पोलादाकडून होईना ते विजेकडून करून घेतले. ट्रामच्या रचनाकारांना यात काही नवे वाटले नसते.

तथापि गिअरची कथा तेथे संपली नाही. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने २०१९ मध्ये ‘टायकान’च्या मागच्या आसावर दोन वेगांची पेटी यशस्वी करून दाखविली. अवजड ओझ्याचे गणित तर निराळेच. व्होल्वोच्या विजेवरील मोठ्या मालमोटारींत बारा वेगांची पेटी आढळते. अहमदाबादच्या मॅटर कंपनीने २०२३ मध्ये बाजारात मांडलेल्या विजेच्या मोटरसायकलला चार गिअर आहेत. त्यांत गरज किती आणि स्वाराच्या जुन्या सवयीचे लाड किती, हे ती चालवणाऱ्यानेच सांगावे.