परदेशातून मागवलेला माल खराब निघाला, तर परतीचं टपाल कोण भरणार?

तळेगाव ढमढेरेत बसून मोबाईलवर परदेशातला अबाया किंवा घड्याळ मागवणं आता सोपं झालंय. पण माल खराब निघाला, तर परतीचा खर्च कधी कधी किमतीहून जास्त होतो.

ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम, २०२० हे भारतात पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. परतीच्या खर्चाची माहितीही त्याने स्पष्ट द्यायची असते. म्हणून ऑर्डर देण्याआधी ती अट आणि विक्रेत्याचा भारतातला पत्ता बघा. पत्ताच नसेल, तर हक्क असूनही वसुली अवघड जाते.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, बिल, टपालाची पावती जपून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. नाही झालं, तर १९१५ वर फोन करा.

शेवटचा मार्ग पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. भरपाईत टपालखर्चही मागा, असं आम्ही आवर्जून सांगू.