लूटी

1860 च्या ऑक्टोबरात इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा बादशाही उन्हाळी महाल लुटला. मग इंग्रजांनी तो जाळला. तिथली एक इवलीशी पेकिनीज कुत्री कॅप्टन डन याने विलायतेला आणली आणि 1861 मध्ये व्हिक्टोरिया राणीला नजर केली. नाव ठेवले ‘लूटी’. मला त्या कुत्रीपेक्षा हे नाव अधिक बोलके वाटते. ‘लूट’ हा शब्दही इंग्रजांनी हिंदुस्थानातूनच नेलेला! लाडाने तशी हाक मारताना कुणाची जीभ अडखळल्याचे दिसत नाही. राणीने काइलकडून तिचे चित्रही काढवून घेतले. चपट्या नाकामुळे या जातीला उन्हात धाप लागते, बाहेर आलेल्या डोळ्यांना चटकन इजा होते, केस सारखे विंचरावे लागतात. अशा जिवाला माणसाचा हात सतत लागतो. लूटीला तो परक्यांचाच मिळाला. 1872 मध्ये ती विंडसरला मेली.